हत्ती अडवला आंग्र्यांच्या माणसांनी, देऊळ लुटलं सिद्दीने : मराठी फौजांच्या गुरूची गोष्ट

वॉरहॅमर ४०,००० हा खेळ किंवा त्यावरच्या कादंबऱ्या ज्यांना माहीत आहेत, त्यांना एक गोष्ट हमखास खटकते.

त्या कथेत माणसांचा एक सम्राट आहे. तो आकाशगंगा जिंकायला निघालाय. त्याने देवधर्म बंद करून टाकलाय, विज्ञान आणि तर्क सोडून कशावर विश्वास ठेवायचा नाही असा त्याचा हुकूम आहे. आणि तरीही त्याच्या फौजेत काळं चिलखत आणि कवटीचा मुखवटा घातलेले चॅप्लिन फिरत असतात. चॅप्लिन म्हणजे फौजेतला धर्मगुरू.

आता देवच नाही तर धर्मगुरू कशाला? 

तर त्यांचं काम असतं सैनिकांचं मन सांभाळायचं. कोण डगमगतोय, कुणाची निष्ठा सुटत चाललीय, मेलेल्या सोबत्याचं दुःख घेऊन कोण झुरतोय, यावर लक्ष ठेवायचं.

हे वाचून वाटतं की काय कल्पना लढवलीय. पण तलवार हातात असलेल्या माणसांच्या मधोमध एक बिनतलवारीचा माणूस बसलाय आणि सगळे त्याचं ऐकतायत, हे आपल्याकडे ३०० वर्षांपूर्वी घडून गेलंय. तेही आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या परशुरामला.

त्या माणसाचं नाव ब्रह्मेंद्रस्वामी.

छत्रपती शाहू महाराज त्यांना मानायचे. पहिल्या बाजीरावाचं आणि चिमाजी अप्पाचं अख्खं घर त्यांच्या पाया पडायचं. कान्होजी आंग्रे त्यांचे भक्त होते. आणि ज्या जंजिऱ्याच्या सिद्दीशी या सगळ्यांचं वैर, तो सिद्दीसुद्धा स्वामींचा मान ठेवायचा.

म्हणजे लढणाऱ्या सगळ्या बाजूंना चालणारा एक माणूस होता. मग एक दिवस एका हत्तीवरून घोळ झाला आणि हा माणूस एकाच बाजूचा झाला.

वऱ्हाडातून कोकणात

स्वामींचा जन्म १६४९ च्या सुमाराचा. मूळ नाव विष्णू, गाव वऱ्हाडातलं दुधेवाडी. लहानपणीच घर सुटलं आणि हा मुलगा काशीला पोहोचला. तिथे ज्ञानेंद्र सरस्वतींकडून संन्यास घेतला आणि विष्णूचा ब्रह्मेंद्र झाला.

पुढे बरीच वर्षं भटकंतीत गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते कोकणात आले आणि चिपळूणच्या डोक्यावरच्या डोंगरात, परशुरामाच्या जागी राहिले.

तेव्हा तिथे आजच्यासारखी वर्दळ नव्हती. देऊळ पडझड झालेलं, आजूबाजूला दाट रान. असं सांगतात की स्वामी रानात तप करत बसलेले एका गवळ्याला दिसले. त्याने गावात जाऊन सांगितलं आणि हळूहळू लोक यायला लागले. दूध-ताकावर राहणारा संन्यासी, श्रावण आला की महिनाभर समाधी लावून बसणारा. अशा माणसाची कीर्ती पसरायला वेळ लागत नाही.

पण नुसत्या तपाने माणूस एवढा मोठा झाला असता असं नाही. त्यात जागेचाही वाटा होता.

एका डोंगरावरून तीन राज्यं

परशुरामच्या डोंगरावरून खाली बघा. वाशिष्ठी नदी वळणं घेत खाडीकडे जाते. नदीच्या काठाला गोवळकोट, आणि खाडीच्या तोंडाशी गुहागरकडे अंजनवेलचा किल्ला. हे दोन्ही किल्ले सिद्दीकडे होते.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांची सत्ता. राजधानी जंजिरा, पाठीशी मोगलांचा हात.

त्याच किनाऱ्यावर सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग असे किल्ले आणि समुद्रावरचं आरमार आंग्र्यांकडे. आणि घाट चढून वर गेलं की साताऱ्याला शाहू महाराजांची गादी.

म्हणजे परशुरामचं देऊळ ज्या मुलखात होतं तो सिद्दीचा, शेजार आंग्र्यांचा आणि घाटावरचे भक्त साताऱ्याचे. चिपळूणमधून माल असो, माणूस असो की निरोप, घाट चढायचा म्हणजे या तिघांपैकी कुणाची तरी चौकी लागायचीच.

अशा ठिकाणी तिघांनाही ज्याचा शब्द चालतो असा माणूस किती कामाचा असेल, विचार करा.

याच काळात सिद्दीच्या मुलखात मिठाच्या कारभारावर एक कारकून काम करत होता. श्रीवर्धनचा बाळाजी विश्वनाथ भट. पुढे सिद्दीशी त्याचं बिनसलं, तो घाटावर गेला आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचा पेशवा झाला. चिपळूणच्या दिवसांतच त्याची स्वामींशी ओळख झाली असं सांगतात. पेशवा झाल्या झाल्या त्याने पहिलं मोठं काम कुठलं केलं, तर ताराराणींच्या बाजूला असलेल्या कान्होजी आंग्र्यांना समजावून शाहू महाराजांकडे वळवलं. आंग्रे आणि भट, दोघेही स्वामींना मानणारे. 

देवळासाठी पैसा सगळ्यांनी दिला

स्वामींनी मनावर घेतलं होतं परशुरामचं देऊळ उभं करायचं. त्यासाठी त्यांनी सगळ्यांकडे हात पसरले. आंग्र्यांनी दिलं, घाटावरच्या सरदारांनी दिलं आणि सिद्दीनेही दिलं. देवळाच्या खर्चासाठी इनाम गावं मिळाली, त्यात सिद्दीचा हात होता.

आज हे ऐकायला वेगळं वाटतं. पण तेव्हाच्या राज्यकर्त्याला आपल्या मुलखातलं मोठं देवस्थान आणि तिथला गुरू सांभाळणं फायद्याचंच होतं. यात्रा भरते, बाजार भरतो, रयत खूश राहते. आणि शत्रूशी बोलायची वेळ आली तर मध्ये घालायला एक माणूस हाताशी असतो.

हे बरंच वर्षं नीट चाललं.

आणि मग तो हत्ती आला

गोवळकोट आणि अंजनवेलचा कारभार तेव्हा सिद्दी सात नावाच्या सरदाराकडे होता. 

कर्नाटकातल्या सावनूरच्या नवाबाकडून त्याच्यासाठी एक हत्ती यायचा होता. वाटेत घाट आणि घाटात आंग्र्यांची माणसं. स्वामींचं कर्नाटकात जाणं-येणं होतं आणि त्यांच्या माणसांना आंग्रे अडवत नसत. म्हणून हा हत्ती स्वामींच्या भरवशावर कोकणात यायला निघाला.

पण घाटात आंग्र्यांच्या माणसांनी तो धरला आणि थेट जयगडला नेऊन बांधला.

सिद्दी सातचं डोकं फिरलं. त्याला वाटलं की हा स्वामी आणि कान्होजीचा मिळून केलेला डाव आहे.

१७२७ ची महाशिवरात्र होती. देवळात उत्सवाची गर्दी. त्या दिवशी सिद्दी सात फौज घेऊन परशुरामला चढला. देवळाची नासधूस केली, देवाचं द्रव्य लुटलं, आणि ठेवा कुठे लपवलाय ते सांगा म्हणून तिथल्या ब्राह्मणांना मारहाण केली.

स्वामींना हे कळलं तेव्हा ते हादरून गेले. त्यांनी कान्होजींना सांगून हत्ती सिद्दीकडे परत पाठवायला लावला. दुसरीकडे जंजिऱ्यालाही ही गोष्ट पसंत नव्हती. मुख्य सिद्दीने आपल्या सरदाराला समज दिली आणि लुटलेला माल परत करायला लावला.

हत्ती परत गेला, माल परत आला. व्यवहार बघायला गेलं तर हिशोब मिटला होता.

पण स्वामींच्या मनातून तो मिटला नाही. ज्या सत्तेने आपलं देऊळ फोडलं तिच्या मुलखात राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ते कोकण सोडून घाटावर गेले आणि शाहू महाराजांनी त्यांना साताऱ्याजवळचं धावडशी गाव दिलं. तिथेच त्यांनी मुक्काम केला, भार्गवरामाचं देऊळ बांधलं. जाताना त्यांनी सिद्दीला शाप दिला अशी आठवण कोकणात सांगितली जाते.

शापाचं जाऊ द्या. त्यानंतर त्यांनी जे केलं ते शापापेक्षा जड होतं. ते पत्रं लिहायला बसले.

धावडशीतून पत्रं सुटू लागली

स्वामींचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे आणि तो वाचताना एखाद्या साधूची पत्रं वाचतोय असं वाटतच नाही.

एका बाजूला आशीर्वाद आहेत. मोहिमेवर निघालेल्याला प्रसाद पाठवलाय, घरात कुणी गेलं तर सांत्वन केलंय, जिंकून आला तर पाठ थोपटलीय. हे सगळं फौजेतल्या धर्मगुरूचं काम, जगात कुठेही गेलात तरी हेच.

त्या काळात मोहीम म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी यायचं. मधले सात-आठ महिने घोड्यावर. बाजीराव माळव्यात, कधी कर्नाटकात, कधी थेट दिल्लीच्या दारात. घरी आई राधाबाई, बायका, मुलं. अशा घरांना धीर द्यायला, नवस बोलायला, मुलाच्या तब्येतीचं विचारायला एक वडीलधारा माणूस लागतो. स्वामी तो होते. सरदारांइतक्याच त्यांच्या घरच्या बायकांचाही स्वामींशी पत्रव्यवहार होता. आंग्र्यांच्या घरातल्या, पेशव्यांच्या घरातल्या, सगळ्यांच्या.

दुसऱ्या बाजूला या पत्रांत मागण्या आहेत. देवळाला हे पाठव, विहिरीच्या कामाला ते पाठव. आंग्र्यांच्या हातात समुद्र, त्यामुळे परदेशी माल त्यांच्याकडून मागवायचा. मागितलेलं वेळेवर नाही आलं तर रागावणं आहे, कधी तर चक्क शापाची भीती.

आणि तिसऱ्या बाजूला आहे कर्ज.

गुरूच सावकार

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच स्वामींची खरी ताकद होती.

मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असायचे. बारगीर, म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकार द्यायचं. आणि शिलेदार, म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. शिलेदाराला मोहिमेआधी तयारीसाठी आगाऊ रक्कम द्यावी लागायची, तिला नालबंदी म्हणत. 

आता चौथाई वसूल होणार, खंडणी मिळणार, ती मोहीम झाल्यावर. पैसा मात्र लागणार मोहिमेच्या आधी. मधलं अंतर भरायचं कुणी? 

तर सावकाराने.

बाजीरावाने एकही मोठी लढाई हरली नाही असं आपण अभिमानाने सांगतो. पण तो आयुष्यभर कर्जात होता, हे फार कमी सांगितलं जातं. त्याला पैसे देणाऱ्यांमध्ये एक सावकार होता धावडशीचा गुरू. इनामाचं उत्पन्न, भक्तांच्या देणग्या, भिक्षा असा स्वामींकडे जो पैसा जमायचा तो ते पेशव्यांना आणि इतर सरदारांना कर्जाऊ द्यायचे. तेही व्याजाने.

बाजीरावाचं स्वामींना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात हा सेनापती सांगतो की कर्जाने माझा जीव गेलाय, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पायावर डोकं ठेवून ठेवून कपाळाची कातडी जायची वेळ आलीय.

ज्याच्या घोड्यांच्या टापांनी दिल्ली हादरली तो माणूस हे कुणाला सांगतोय बघा. गुरूला सांगतोय, आणि तोच गुरू त्याचा सावकारही आहे.

एवढं मनातलं तो दुसऱ्या कुणाला लिहिता का? माहीत नाही. पण गुरूपुढे कमीपणा नसतो, आणि म्हणून स्वामींना फौजेची आतली स्थिती, पैशाची, मनाची, भांडणाची, सगळी कळत होती. ज्याला आतलं सगळं कळतं त्याच्या शब्दाला वजन येतं.

ते वजन स्वामींनी कुठे वापरलं?

सिद्दीवरची मोहीम

शाहू महाराजांकडे, पेशव्यांकडे, आंग्र्यांकडे स्वामींनी एकच गोष्ट लावून धरली. सिद्दीचा बंदोबस्त करा.

आता हे युद्ध फक्त स्वामींमुळे झालं असं म्हणणं बरोबर होणार नाही. जंजिरा हा शिवाजी महाराजांच्या काळापासूनचा सल होता. रायगड सिद्दीच्या ताब्यात होता, आणि रायगड दुसऱ्याकडे असणं साताऱ्याला कसं सहन होईल? त्यात १७३३ च्या सुरुवातीला जंजिऱ्याचा सिद्दी रसूल वारला आणि गादीवरून घरात भांडण लागलं. संधी चालून आली होती.

पण संधी आली तेव्हा साताऱ्याचं मन आधीच तयार होतं, आणि ते तयार करण्यात धावडशीच्या पत्रांचा वाटा मोठा होता.

१७३३ च्या उन्हाळ्यात बाजीराव आणि फत्तेसिंह भोसले कोकणात उतरले. समुद्राच्या बाजूने सेखोजी आंग्रे, म्हणजे कान्होजींचा मुलगा. कान्होजी १७२९ मध्येच वारले होते. पाठोपाठ प्रतिनिधीही फौज घेऊन आले.

८ जून १७३३ ला रायगड परत मिळाला.

आणि इथेच गाडी अडली. रायगड घेतला प्रतिनिधींच्या माणसांनी, आणि प्रतिनिधी म्हणजे दरबारातले बाजीरावाचे विरोधक. श्रेय कुणाचं यावरून तणातणी सुरू झाली. वरून कोकणातला पाऊस. जंजिरा चारही बाजूंनी समुद्रात, आरमाराशिवाय तो घेणं अशक्य. मुंबईचे इंग्रज सिद्दीच्या मदतीला. त्यात ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारले.

गोवळकोट आणि अंजनवेल काही पडले नाहीत. वर्षाच्या शेवटी तह झाला आणि बाजीराव घाटावर निघून गेला. त्याची नजर उत्तरेकडे होती, एका खडकावरच्या किल्ल्यासाठी तो वर्षं घालवणार नव्हता.

स्वामी खूश नव्हते हे सांगायला नको. परशुराम ज्याच्या सावलीत होतं तो गोवळकोट अजून शत्रूकडेच होता.

जिथे स्वामींचं चाललं नाही

सेखोजीनंतर आंग्र्यांच्या घरात दुही माजली. संभाजी आंग्रे एका बाजूला, मानाजी दुसऱ्या बाजूला. दोघेही कान्होजींचे मुलगे. दोघांच्याही घरात स्वामींना मान.

एखाद्या गुरूची खरी परीक्षा अशा वेळी असते. दोन्ही बाजू आपल्याच, दोन्ही बाजू पाया पडतायत आणि दोघांनाही दुसऱ्याचा गळा धरायचाय.

पत्रं गेली, समजावणं झालं. उपयोग झाला नाही. १७३५ मध्ये बाजीरावाने मध्ये पडून आंग्र्यांची दौलत वाटून दिली. संभाजीला सरखेल हे पद आणि दक्षिणेकडचे किल्ले, मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा किताब. 

कान्होजींनी उभं केलेलं आरमार दोन तुकड्यांत गेलं. या दोन भावांनी एकत्र राहून जंजिऱ्याला वेढा घातला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न कोकणाच्या इतिहासात राहून गेला. 

शत्रूवर फौज पाठवणं स्वामींना जमलं होतं. दोन भक्तांमधला समेट जमला नाही.

नऊ वर्षांनी

तह झाला तरी सिद्दी सात गप्प बसणाऱ्यातला नव्हता. कोकणात चकमकी सुरूच राहिल्या. शेवटी शाहू महाराजांनी चिमाजी अप्पाला पाठवलं.

१९ एप्रिल १७३६ ला अलिबागकडे, रेवसजवळ, चिमाजी अप्पाच्या फौजेने सिद्दी सातला गाठलं. लढाई झाली आणि सिद्दी सात मारला गेला.

साताऱ्यात आनंद झाला. चिमाजी अप्पाचं कौतुक झालं, स्वामींनीही त्याला भरभरून आशीर्वाद दिले.

महाशिवरात्रीच्या त्या दिवसाला नऊ वर्षं झाली होती. 

या नऊ वर्षांत दोन्हीकडची किती माणसं मेली, कोकणातली किती गावं फौजांच्या येण्या-जाण्यात उजाड झाली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. लढाईत कोण सरदार पडला ते कागदावर असतं. ज्याची भातशेती घोड्यांनी खाल्ली तो कुठल्याच पत्रात नसतो.

वसई आणि पलीकडचे पाद्री

मग वसईची मोहीम आली. १७३७ ला सुरू झाली, मे १७३९ ला संपली.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. पलीकडच्या पोर्तुगिजांच्या फौजेतही धर्मगुरू होतेच. फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा संघांचे पाद्री वसईच्या कोटात राहत होते, तिथे त्यांचे मठ आणि चर्च होते. म्हणजे तटाच्या आतले सैनिक पाद्र्यांकडे धीर मागत होते. बाहेर चिमाजी अप्पाने वज्रेश्वरीला नवस केला होता अशी आठवण आहे, आणि त्याची पत्रं धावडशीला जात होती. 

सुरुंग लागले, तट फुटला, हजारो माणसं पडली. शेवटी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. त्यांना मानाने बाहेर पडू दिलं गेलं, पाद्र्यांनाही.

या विजयाची सविस्तर बातमी चिमाजी अप्पाने स्वामींना पत्राने कळवली. त्यात नुसता जयजयकार नाही. पोर्तुगीज कसे जिवावर उदार होऊन लढले आणि आपली किती माणसं कामी आली, हेही त्याने लिहिलंय. जिंकलेला सेनापती मेलेल्यांबद्दल ज्याला लिहितो, तो माणूस त्याच्यासाठी कोण असेल याचा अंदाज करा.

सगळे आधी गेले

त्यानंतर एकेक जण जायला लागला. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी चिमाजी अप्पा. स्वामी तेव्हा नव्वदीत होते. बाळाजी विश्वनाथ, कान्होजी, सेखोजी, बाजीराव, चिमाजी. ज्यांना आशीर्वाद देऊन पाठवलं ते सगळे त्यांच्या आधी गेले.

१७४५ च्या सुरुवातीला एक बातमी आली. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याने अंजनवेल आणि गोवळकोट, दोन्ही जिंकले. त्याने अंजनवेलला गोपाळगड आणि गोवळकोटला गोविंदगड नाव दिलं. 

परशुरामच्या पायथ्याशी शेवटी मराठी निशाण लागलं, तेही आंग्र्यांच्या हातून.

त्याच वर्षी श्रावणात धावडशीला स्वामींनी देह ठेवला. वय ९६ च्या आसपास. समाधी धावडशीलाच आहे.

साधू की राजकारणी?

विसाव्या शतकाच्या तोंडावर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी स्वामींचं चरित्र आणि पत्रव्यवहार छापला. त्यात स्वामी मराठी राज्याचे थोर गुरू म्हणून समोर येतात.

मग इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी हीच कागदपत्रं आपल्या नजरेने पाहिली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेच्या तिसऱ्या खंडात स्वामींची झाडाझडती घेतली. व्याजबट्टा करणारा, सतत मागणारा, दरबारातल्या भानगडीत नाक खुपसणारा माणूस राष्ट्राचा गुरू कसा, असा त्यांचा रोख होता. काही लोक स्वामींना रामदासांच्या रांगेत बसवत होते, ते राजवाड्यांना अजिबात मान्य नव्हतं.

मग खरं काय?

स्वामींनी पैसा जमवला हे खरं. पण तो साठवून चैन केली असं दिसत नाही. देवळं, विहिरी, तळी यात तो गेला. साताऱ्याच्या बाजूला आजही त्यातलं काही पाहायला मिळतं. त्यांनी राजकारण केलं हेही खरं. पण सरदार स्वतःहून त्यांच्याकडे यायचे, कारण दरबारात ज्याच्याशी बोलावं असा दुसरा कुणी नव्हता.

घोळ दुसरीकडे आहे. १७२७ पर्यंत स्वामींकडे जी गोष्ट होती ती ना बाजीरावाकडे होती ना सिद्दीकडे. दोन्ही बाजू त्यांच्यावर विश्वास ठेवत होत्या. त्या महाशिवरात्रीला सिद्दी सातने तो विश्वास फोडला, हा गुन्हा त्याचाच. पण त्यानंतर स्वामींनी स्वतःच्या जखमेचा हिशोब फौजेच्या हिशोबात मिसळला. गुरू, सावकार आणि फिर्यादी, तीनही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. अशा माणसाला कुठल्या सरदाराने नाही म्हणायचं?

आजच्या फौजेत काय होतं?

आपलं सैन्य धर्मनिरपेक्ष आहे, आणि तरीही त्यात धर्मगुरू आहेत. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू अशी भरती होते. ज्या युनिटमध्ये ज्या धर्माचे जवान, तिथे तो धर्मगुरू. अनेक ठिकाणी एकाच छपराखाली सगळ्या धर्मांची प्रार्थना होते, त्याला सर्वधर्म स्थळ म्हणतात. पुण्यातल्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत या धर्मगुरूंना इतर धर्मांचीही ओळख करून दिली जाते. 

रंगरूटाला शपथ देणं, सण-उत्सव, दवाखान्यात पडलेल्या जवानाला भेटणं आणि शहीद झालेल्याचे अंत्यसंस्कार हे त्यांचं काम. त्यांना कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, पगार असतो, वरिष्ठ असतात. कुणावर फौज पाठवायची हे त्यांना विचारलं जात नाही आणि ते कमांडिंग ऑफिसरला व्याजाने पैसेही देत नाहीत.

म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामींच्या कामातला धीर देण्याचा भाग फौजेने ठेवला आणि सत्तेचा भाग काढून टाकला. 

हे सुचायला जगातल्या फौजांना काही शतकं लागली. आणि त्या कथेतल्या सम्राटाला तर देव बंद करूनही चॅप्लिन बंद करता आला नाही, कारण रात्री झोप न लागणारा सैनिक प्रत्येक फौजेत असतोच. त्याचं ऐकून घेणारा कुणीतरी लागतो. फक्त ऐकणाऱ्याचं स्वतःचं कुणाशी देणं-घेणं नसावं.

पुढच्या वेळी मुंबईहून रत्नागिरीला येताना परशुराम घाटात गाडी थांबवा आणि देवळात जाऊन या. बाहेर येऊन खाली बघा. वाशिष्ठीच्या काठावरचा गोवळकोट इथून जवळच आहे. १७२७ साली तिथून निघालेली फौज वर यायला फार वेळ लागला नसेल.

तिला उत्तर द्यायला मात्र नऊ वर्षं लागली, आणि तो हत्ती तर केव्हाच परत गेला होता.